मार दिया म्हणजे मारलं

बाबा दिवसा कारकून आणि संध्याकाळी कर्मचारी संघटनेचे पत्रकलेखक. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं कमी होती आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. गुलाबी, पिवळा, पोपटी कागद. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. ‘जाहीर निषेध’ मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होतं. मोर्च्यावर लाठ्या पडल्या की दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात एक ठरलेला शब्द यायचा: अमानुष. अमानुष लाठीमार.

एका मोर्च्यात बाबा स्वतःच सापडले. सदरा पाठीला चिकटला होता म्हणून आईने तो कात्रीने कापून काढला. पाठीवर दोन-दोन समांतर लाल रेघा होत्या आणि मधली कातडी पांढरी. आई हळद लावत होती. बाबा पालथे पडून मजकूर सांगत होते आणि मी लिहून घेत होते. “‘अमानुष’चा ष कोणता, बाबा?”

“पोटफोड्या,” बाबा कण्हत म्हणाले. “आणि निषेध तीनदा लिही.”

गोल काठी जोरात बसली की अशीच खूण उमटते, मध्ये पांढरी आणि दोन्ही बाजूंनी लाल. हे मला खूप पुढे एका नर्सने सांगितलं, बाल्कनमधल्या एका नदीकाठच्या गावात. देशाचं नाव लिहीत नाही. ज्या वाटेने लोक अजून जातात तिचा पत्ता छापायचा नसतो.

समाजकार्याचं एम.ए. करायला मी बाहेर गेले होते. अभ्यासक्रमात तीन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. स्थलांतरितांना मदत करणाऱ्या एका संस्थेला हिंदी बोलणारं कोणी हवं होतं, म्हणून मी तिथे गेले. एका बंद बेकरीचा मागचा हॉल हे आमचं केंद्र. नदीच्या अलीकडे हा देश, पलीकडे श्रीमंत देशांची सरहद्द. माणसं नदी ओलांडून जायची, पलीकडचे गणवेशवाले त्यांना पकडायचे, मारायचे आणि पुन्हा पाण्यात ढकलून अलीकडे हाकलायचे. या सगळ्या प्रयत्नाला तिथले सगळे, अफगाणी काय नि बंगाली काय, एकच शब्द वापरत: गेम. “आज गेम पे जा रहे हैं.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं क्रिकेट असेल.

माझं काम होतं परत आलेल्यांना कोरडे कपडे आणि बूट देणं, नर्सच्या प्रश्नांचं भाषांतर करणं आणि ज्याची इच्छा असेल त्याची जबानी लिहून घेणं. पहिल्या आठवड्यात मी जबान्या लिहिल्या त्या पत्रकासारख्या. अमानुष, पाशवी, राक्षसी. मग एका पोराने सांगितलं की त्याला मारता मारता त्या शिपायाचा फोन वाजला. शिपायाने काठी बगलेत धरली, फोन घेतला आणि लहान लेकराशी बोलतात तसं लाडात बोलला. फोनवरच पापी घेतली. फोन खिशात ठेवला, काठी हातात घेतली आणि राहिलेलं काम पुरं केलं. त्या दिवशी मी ‘अमानुष’ हा शब्द लिहिणं सोडलं. तो मारणाऱ्याला फार सोपी सुटका देतो. जनावर असता तर त्याला काय विचारायचं? माणूस होता. माणसालाच जाब विचारता येतो.

मग मी फक्त काय झालं ते लिहू लागले. मोबाइल हातोडीने फोडले. बूट आणि जॅकेट काढायला लावून शेकोटीत टाकले आणि त्याच शेकोटीवर हात शेकले. गुडघ्यांवर बसवून कुत्रा सोडला. ज्याने हात जोडले त्याच्या जोडलेल्या हातांवर मारलं. एकाची बोटं अशी सुजली होती की मला जबानीवर त्याचा अंगठा घेता आला नाही.

आईचा रोज फोन. “काऊन वं, तिकडं थंडी लय आहे म्हणते. मोजे घातले का?”

“घातले, आई.”

“आवाज काऊन असा येऊन राह्यला तुया? सर्दी झाली का?”

“हो, सर्दीच आहे.”

पुढे परत आल्यावर सिंदीला मामाकडे गेले. मामांचा कापसाचा व्यापार. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, “बिनापरवाना दुसऱ्याच्या देशात घुसल्यावर का आरती करतीन का? मार तं पडनच ना.”

“मामा, तुमच्या आवारात कोणी न विचारता शिरला तर हाकला. पण त्याचे जोडे काढून जाळाल का?”

“जोडे काऊन जाळीन मी?”

“तेच विचारून राह्यली मी. काऊन जाळतात?”

मामा पानाचा डबा उघडून बसले. हाकलायला काठी लागते, हे एक वेळ मी समजून घेईन, मान्य नाही करणार. पण बर्फात माणसाचे बूट जाळायला वेगळंच मन लागतं.

केंद्रात माझ्याशिवाय आणखी एक दुभाषा होता, लाहोरकडचा, चाळिशीतला. तो स्वतः कितीतरी वेळा गेमवर गेलेला. एका हिवाळ्यात डाव्या हाताची दोन बोटं बर्फाने खाल्ली, तेव्हापासून तो तिथेच राहिला. त्याची उर्दू ऐकत बसावी अशी. माझ्या हिंदीची मात्र तो रोज सालं काढायचा.

“बेटा, ये ‘मेरे को, तेरे को’ क्या है? मुझे. तुम्हें. ज़बान है, कोई ट्रक थोड़ी है.”

“भाईसाब, हमारे तरफ ऐसाच बोलते. नागपुरी हिंदी बोलते उसको.”

“हिंदी बेचारी को ख़बर है?”

मी हसायचे. त्याच्या शुद्ध भाषेचा मला राग नव्हता. राग आला तो एकदाच.

थंडी कडक पडली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही सकाळचा चहा वाटत होतो. एक माणूस दारात येऊन उभा राहिला. अनवाणी. पाय जांभळे, एक डोळा पूर्ण मिटलेला, जबडा एका बाजूला सुजलेला. अंगावरचा ओला शर्ट थंडीने ताठ झाला होता. आम्ही त्याला आत ओढून बसवलं. नर्सने पाय कोमट पाण्यात घेतले. शर्ट काढला तर पाठ, खांदे, दंड, सगळीकडे त्या दोन-दोन रेघा. एका ठिकाणी त्या एकमेकींवर इतक्या चढल्या होत्या की कातडी फाटून गेली होती. कमरेच्या वर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटली होती.

लाहोरचे भाईसाब त्याच्यासमोर बसून विचारत होते. तो थरथरत, तुकड्या-तुकड्याने बोलत होता. “पकड़ लिए... पानी में ढकेल दिए... मेरे भाई को मार दिया. उधरिच पड़ा है, इस साइड में, बड़े पत्थर के पास.”

मी बुटांच्या फळीपाशी होते. त्याच्या मापाचा जोड आणून दिला. तो पायात न घालता त्याने छातीशी धरला आणि म्हणाला, “एक जोड़ और दो ना दीदी. नौ नंबर.”

नियम होता, एका माणसाला एक जोड. बूट कायम कमी पडायचे. “बाद में देखेंगे,” मी म्हणाले.

नर्सने विचारलं, लघवीतून रक्त जातं का? मी हिंदीत विचारलं.

“हव,” तो म्हणाला.

मी नर्सला ‘हो’ असं सांगितलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तेवढ्यात तो ओकला आणि खुर्चीवरून कलंडला. ओकारीत रक्त होतं. डोक्यालाही मार असणार म्हणून नर्सने रुग्णवाहिका बोलावली. ती त्याला घेऊन गेली तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. बुटांचा जोड त्याच्या पोटावर ठेवलेला होता.

मी हॉलमध्ये परत आले. भाईसाब तोंडावर हात ठेवून काही पुटपुटत होते. आमची समन्वयिका फोनवर होती. उत्तर युरोपातली, पूर्वीची वकील, शांत बाई. फोन ठेवून ती म्हणाली, “त्याच्या भावाला ठार केलंय. मृतदेह आपल्या काठावर आहे. पोलिसांना कळवलं. दुपारनंतर जातील म्हणाले.”

“आणि आपण?”

“मृतदेहाजवळ आपण जायचं नाही. मागे आपल्या दोन माणसांनी हात लावला होता, तर पुरावा नष्ट केल्याची तक्रार त्यांच्यावरच झाली. उद्या हे केंद्र बंद झालं तर हे लोक कुठे जातील?”

तिचं चूक नव्हतं. मी पुन्हा बुटांच्या फळीपाशी गेले, काहीतरी करायचं म्हणून जोड लावू लागले. नऊ नंबर हातात आला. मी तो धरून उभी राहिले. मेलेल्या माणसासाठी कोणी बूट मागतं का?

मग एकदम कानात ते ‘हव’ वाजलं. हव! हे कोण म्हणतं? पंजाबी म्हणत नाही, नेपाळी म्हणत नाही, दिल्लीचा म्हणत नाही. हव आमच्याकडे म्हणतात. उधरिच आमच्याकडे म्हणतात. तो आमच्या भागातला होता. आणि आमच्याकडच्या हिंदीत ‘मार दिया’ म्हणजे काय? मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मैदानावर रोज ऐकू यायचं, “मॅडम, इसने मेरे को मार दिया!” दर वेळी खून झाला असता तर बोरगाव मेघेत एक पोर उरलं नसतं.

मी ओरडतच हॉलमध्ये आले. “तो मेला नाही! भाईसाब, वो हमारे तरफ का आदमी है. हमारे में मार दिया मतलब पीटा. ख़ाली पीटा!”

भाईसाबांनी मान हलवली. “बेटा, मार दिया मतलब मार दिया. कौन सी ज़बान में पिटाई को मार दिया कहते हैं?”

“हमारी में! जान से मारा तो हम लोग मार डाला बोलते.”

“तुम्हारी हिंदी...”

“मेरी हिंदी ट्रक है भाईसाब, पर वो आदमी उसी ट्रक में बैठ के आया है!”

समन्वयिकेला काहीच कळत नव्हतं. मी तिला इंग्रजीत सांगितलं. हव, मैदान, नऊ नंबरचा बूट, सगळं एका दमात. ती ऐकून म्हणाली, “म्हणजे एका क्रियापदावर तू म्हणतेस तो जिवंत आहे.”

“त्याच क्रियापदावर तुम्ही त्याला मेलेला धरलाय!”

“तुला खात्री आहे?”

खात्री कुठली? आमच्याकडेही ‘मार दिया’ कधी ठार केल्याचं असतं. पण दुपारपर्यंत तो ओल्या कपड्यांत तिथे पडला तर कुठलाच अर्थ उरणार नव्हता. “आहे,” मी म्हणाले.

भाईसाबच उठले. जॅकेट घालता घालता म्हणाले, “ख़ुदा करे मैं ग़लत हूँ. चलो.”

समन्वयिकेने गाडीची किल्ली नर्सकडे दिली. “मेला असेल तर हात लावायचा नाही. जिवंत असेल तर मला विचारत बसायचं नाही, उचलायचा.”

नदीवर आम्ही तिघं गेलो. नर्स, भाईसाब आणि मी. मोठा दगड लांबूनच दिसला. त्याच्या आडोशाला तो होता, कुशीवर, अर्ध्या अंगावर पाला ओढून घेतलेला. एक पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. पावलं पांढरी, मेणासारखी. पलीकडच्या काठावर तीन-चार गणवेशवाले शेकोटीभोवती उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि शिट्ट्या मारल्या.

भाईसाब दोन पावलांवर थांबले. तो हलत नव्हता. मी हाक मारली. “भाई! सुनो!” काही नाही. पुन्हा. काही नाही. मग माझ्या तोंडून काय निघालं ते मी ठरवलं नव्हतं. बोरगावच्या गल्लीत सकाळी शाळेला न उठणाऱ्या पोरांना जसं ओरडतात तशी मी ओरडले, “अबे ए! उठ ना बे! आठ वाजून राह्यले!”

त्याची बोटं हलली.

नर्स धावली. पलीकडून पहिला दगड आला तो पाण्यात पडला. दुसरा नर्सच्या खांद्याला लागला. ते हसत होते. लांबून नेम धरायची शर्यत लागावी तसे ते एकेक जण दगड उचलून फेकत होते, आणि ज्याचा लागला त्याला दुसरे टाळ्या देत होते. आम्ही त्याला ब्लँकेटवर घेतला. तुटलेला पाय हलला तशी त्याने अशी किंकाळी फोडली की एक क्षण पलीकडचे थांबले. मग पुन्हा सुरू झाले. एक दगड भाईसाबांच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. त्यांनी ब्लँकेटचं टोक सोडलं नाही. मी मात्र सोडलं. एक दगड उचलला आणि जीव खाऊन पलीकडे भिरकावला. तो नदीच्या मध्यापर्यंतही गेला नाही. पलीकडे मोठा हशा झाला.

“बेटा!” भाईसाब ओरडले. “कोना पकड़ो!”

मी टोक धरलं. गाडीत घातल्यावर पोराने डोळे उघडले. माझ्याच वयाचा असेल. ओठ हलत होते, मी कान जवळ नेला.

“भैया को बोलो,” तो म्हणाला, “इत्ता टाइम काय को लगाया बे.”

भाईसाब रक्त पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मी त्यांचे हात खाली ओढले.

दोन दिवसांनी मोठा भाऊ बोलण्याच्या स्थितीत आला. दोघांच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. ते हिंगणघाटचे निघाले. घरात हिंदी, बाजारात वऱ्हाडी. मी वर्ध्याची म्हटल्यावर त्याने मिटलेला डोळाही उघडायचा प्रयत्न केला. मी सगळा घोळ सांगितला, तेव्हा जबडा धरून तो हसला आणि हसता हसता रडला.

“मर गया रहता तो ‘ऑफ हो गया’ बोलता ना ताई! तुमकोच नाई समझा?”

“समजलं ना मग! उशिरा समजलं.”

धाकट्याच्या उजव्या पायाची बोटं कापावी लागणार होती. तो छताकडे पाहत पडला होता.

तेवढ्यात स्थानिक पोलीस अधिकारी जबाब घ्यायला आला. समन्वयिकेने त्यासाठी बरीच खटपट केली होती. अलीकडच्या पोलिसांनी अधिकृत जबाब नोंदवला तर पलीकडच्यांवर पहिल्यांदाच काहीतरी उभं राहणार होतं. जिवंत साक्षीदार, ताज्या खुणा, दगडफेक डोळ्यांनी पाहिलेले आम्ही तिघं. मला तर हेच हवं होतं. पत्रकातला निषेध तीनदा लिहून कोणाचं काही वाकडं होत नाही, हे मी बाबांच्या पाठीवर वाचलं होतं. इथे कायदेशीर कागदावर मारणाऱ्यांचं नाव चढणार होतं.

अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, “या जखमा कशा झाल्या?” मी विचारलं.

मोठा भाऊ म्हणाला, “गिर गया.”

मी म्हणाले, “काय?”

“गिर गया. दोनों गिर गए. पत्थर पे.”

अधिकारी माझ्याकडे पाहत होता. माझी हिंदी सुटली आणि मी वऱ्हाडीवर आले. “काऊन खोटं बोलून राह्यले तुमी? अंगभर खुणा आहे तुमच्या!”

तोही वऱ्हाडीत आला. “जबाब देल्ला का केस होते, ताई. केस झाली का इथंच थांबा, तारखा करा. आमाले थांबाचं नाई. आमाले पलीकडं जाचं आहे.”

“पुन्हा? या पायानं?”

“बोटं गेले. पाय आहे ना.”

“आणि उद्या दुसऱ्याले मारतीन त्याचं काय?”

“आमी सांगितलं तरी मारतीन. तुमी तं रोज लिहूनच राह्यल्या. थांबले का?”

धाकटा छताकडे पाहतच बोलला. “ताई, तुमच्या पेपरात लिवा ना काय लिवाचं ते. आमच्या नावानं कायले?”

“तुझा जीव गेला असता रे!”

“हव. गेला नाई ना पन. म्हणून तं जाचं आहे.”

अधिकाऱ्याने पेन आपटलं. “काय म्हणतायत ते?”

मला सगळं सांगता आलं असतं. पाठीवरची बुटाची नक्षी दाखवता आली असती, नदीवर मी काय पाहिलं ते माझ्या तोंडाने सांगता आलं असतं. ते मी नंतर सांगितलंही, माझ्या नावाने, आणि ‘प्रत्यक्ष मारहाण पाहिलेली नाही’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवलं गेलं. पण त्या क्षणी मी त्या दोघांची जीभ होते. माणसाने उच्चारला तोच शब्द, त्याच अर्थाने, पलीकडे पोचवायचा, यासाठी दोन दिवसांपूर्वी मी सगळं केंद्र डोक्यावर घेतलं होतं.

“ते म्हणतात, ते पडले,” मी म्हणाले. “दोघंही. दगडावर.”

अधिकाऱ्याची नजर मोठ्याच्या उघड्या खांद्यावरून फिरली, त्या लाल रेघांवर थांबली, माझ्याकडे आली. त्याला सगळं माहीत होतं. “अलीकडे पडले की पलीकडे?”

“इधरिच,” मोठा भाऊ म्हणाला.

“अलीकडे.”

“कोणी ढकललं?”

“कोई नहीं.”

“कोणी नाही.” मी खाटेची लोखंडी दांडी घट्ट आवळून धरली.

अधिकाऱ्याने लिहिलं, कागदाची घडी केली, टोपी घातली. दारापाशी थांबून त्याने मला विचारलं, “भाषांतर बरोबर केलंस ना?”

“शब्दन्‌शब्द,” मी म्हणाले.